अंथरूण कुणाचं, पाय कुणाचे

आमच्या उपनगरातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत गेल्या महिन्यात एका वक्त्यांनी 'चंगळवाद आणि आजचा तरुण' या विषयावर तासभर झोडपणी केली. मोबाइल झाला, बाहेरचं खाणं झालं, गोव्याच्या सहली झाल्या आणि शेवटी गाडी पायांपाशी आली. "बापाचा पगार अठरा हजार," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "चिरंजीवांच्या पायात अकरा हजारांचा बूट!" सभागृह खळखळून हसलं. मीही हसले, हे आधीच कबूल करते. वाक्य टाळ्या घेणारं होतं आणि कुठे थांबायचं ते बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पण जिना उतरताना लक्षात आलं, की असा अठरा हजारांचा बाप आणि असा अकरा हजारांचा बूट, दोन्ही माझ्या रोजच्या बघण्यातले आहेत. बाप आमच्या सोसायटीच्या फाटकावर बसतो. तळपायाची आग मस्तकाला जायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला, एवढंच.

वक्त्यांचं नाव लिहीत नाही, कारण हे भाषण त्यांच्या एकट्याचं नाही. लग्नाच्या पंगतीत, भिशीत, लोकलच्या डब्यात मी ते कितीदा तरी ऐकलं आहे. बूट ही पायात घालायची वस्तू, तिच्यावर एवढा खर्च कशाला? हे सगळं अमेरिकेतलं खूळ, आपल्याकडे कुठे होतं? पोरं हप्त्यांवर बूट घेतात म्हणे! आणि मग ठरलेला शेवट: आमच्या वेळी एका कॅनव्हासच्या जोडावर वर्ष निघायचं, कुणी कुणाच्या पायाकडे बघत नसे.

हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो खोटा आहे.

आमच्या शाळेत शनिवारी सकाळी कवायत असे. गणवेशाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे. शुक्रवारी संध्याकाळी ते घासून धुवायचे, खिडकीत उभे करून वाळवायचे आणि वर पांढरं पॉलिश फासायचं. पॉलिश संपलेलं असलं तर वर्गातून उचलून आणलेला खडू ओला करून फिरवायचा. त्या खडूचं एक होतं: रांगेत पाय आपटायला सुरुवात झाली की प्रत्येक आपटीला बुटातून धूर निघायचा. कुणी पॉलिश लावलंय आणि कुणी खडू, ते धुरावरून कळायचं. ज्यांच्याकडे पांढरे बूट नव्हतेच, त्यांची रांग वेगळी, मागे, भिंतीला लागून. माझ्या बाकावरची मुलगी अख्खी पाचवी त्या रांगेत निळ्या स्लिपरवर उभी होती. सहावीत तिला मोठ्या भावाचे बूट मिळाले, दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. ती चालली की फटक फटक आवाज यायचा आणि सगळी रांग तिच्या पायाकडे बघायची. आम्ही दुसरं काही बघतच नव्हतो. तेव्हा 'कुणी बघत नसे' असं जे म्हणतात, ते बहुधा पुढच्या रांगेत उभे होते.

आणि पायाकडे बघणं ही शाळेने लावलेली सवयही नव्हे. वाड्यासमोरून, चावडीपुढून जाताना कुणी पायताण काढून हातात घ्यायचं आणि कुणी करकर वाजवत जायचं, हे आपल्या गावागावांत ठरलेलं होतं. ज्यांनी कातडं कमावलं, कापलं, शिवलं, त्यांनाच ते पायात घालून मिरवायची बंदी होती. हे फार जुनं झालं असं वाटत असेल, तर तमिळनाडूत तिरुप्पूर जिल्ह्यातल्या एका गावात २०२३ च्या डिसेंबरात दलित स्त्री-पुरुष एका गल्लीतून पहिल्यांदा चपला घालून चालत गेले, ही बातमी आठवावी. गल्लीतून चपला घालून चालत जाणं ही बातमी होऊ शकते, असा आपला देश आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मी आजवर कधीही वहाणेबद्दल वापरलेली ऐकलेली नाही. ती सुनेबद्दल ऐकली, कामवालीबद्दल ऐकली, कचेरीत बढती मिळालेल्या शिपायाबद्दल ऐकली. 'जोडे मारो' आंदोलनापासून 'कातड्याचे जोडे करून घातले तरी' या उपकाराच्या भाषेपर्यंत आपली मराठी मान-अपमान पायातच मोजते. अशा भाषेत वाढलेल्या माणसाने 'बूट म्हणजे फक्त पाय झाकायची वस्तू' असं म्हणावं, याला काय म्हणायचं?

आता गणित. अठरा हजार आणि अकरा हजार. वक्ते म्हणतील, मी जातीचं कुठे बोललो, मी अंथरूण पाहून पाय पसरायला सांगितलं. ठीक. मग अंथरूण कुणाचं ते तरी नीट मोजावं. फाटकावरच्या त्या गृहस्थांचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. भिवंडीकडच्या एका गोदामात पार्सलं लावतो, रात्रपाळी करतो, स्वतः कमावतो. त्या बुटांसाठी त्याने सात महिने पैसे बाजूला टाकले, हे मला त्याच्या आईने सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात कौतुक नव्हतं, चांगलीच कुरकुर होती. पण पैसे बापाचे नव्हते, एवढं तीही म्हणाली. वक्त्यांच्या वाक्यात 'बापाचा पगार' आला, मुलाची मजुरी गाळली गेली. ती घातली असती तर वाक्याची लय गेली असती आणि हशाही. बरं, त्याच घरात दोन वर्षांपूर्वी मुलीचं लग्न झालं. त्यासाठी काढलेलं कर्ज अजून फिटतंय. तिथे आम्ही सगळे गेलो होतो, जिलेबी खाल्ली, पाकीट दिलं. अंथरुणाची आठवण कुणालाच झाली नाही. ऋण काढून केलेला सण परंपरा ठरतो आणि साठवून घेतलेला बूट चंगळ.

हा मुलगा ते बूट कसे वापरतो, ते बघण्यासारखं आहे. पावसाळ्यात घरून स्लिपरवर निघतो, बूट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक. रिक्षा स्टँडच्या शेडखाली पाय पुसून बूट चढवतो. चालताना पुढचा भाग वाकून घडी पडू नये म्हणून पाऊल जरा सपाट टाकतो. लांबून बघितलं तर नवीन चष्मा लागलेला माणूस जिना उतरतो तसं दिसतं. रविवारी जुना टूथब्रश आणि शांपूचा एक थेंब. लेस वेगळ्या धुतो. मी एकदा विचारलं, एवढं काय आहे रे त्यात? तो म्हणाला, "काकू, मॉलमध्ये शिरताना सिक्युरिटीवाला आधी खाली बघतो." त्याचे वडील सिक्युरिटीतच आहेत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पुढे मी काही विचारलं नाही.

हप्त्यांबद्दल मला थोडं बोलायचा अधिकार आहे, कारण सहकारी बँकेच्या कर्जखात्यात माझी सव्वीस वर्षं गेली. थकलेल्या कर्जांच्या फायली मी हातांनी उघडल्या आहेत. त्यांत लग्नं होती, दवाखाने होते, रिक्षांची परमिटं होती, भावाच्या दुकानाला जामीन राहून बुडालेले मास्तर होते. बुटापायी बुडालेला माणूस माझ्या टेबलासमोर आला नाही. आता फोनवर 'आज घ्या, पुढे द्या' असली सोय आली आहे आणि ती मला मुळीच आवडत नाही. 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात त्यात प्रक्रिया शुल्क असतं, त्यावर कर असतो, एक हप्ता चुकला की दंड असतो. कुणाला घ्यायचंच असेल तर त्याने त्या मुलासारखं साठवून घ्यावं, हे मी कुणालाही सांगेन. पण हा दोष कर्ज विकणाऱ्यांचा. तो फ्रिजला लागू आहे, फोनला लागू आहे, आणि वीस वर्षांच्या हप्त्यावर घेतलेल्या माझ्या फ्लॅटलाही. शिवाय सरकारला विचाराल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांवर १८. म्हणजे त्या अकरा हजारांतले जवळजवळ सतराशे रुपये सरकारजमा झाले. गोदामातल्या पोराने एका खरेदीत भरलेला हा कर. चंगळवादी मुलगा, पण करदाता.

व्याख्यानानंतर चहाच्या टेबलापाशी एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, घालायचेच तर डुप्लिकेट घालावेत. कळतंय कुणाला?" हा सल्ला मला प्रवचनापेक्षा जास्त झोंबला. मुंबईत डुप्लिकेट मिळायला तोटा नाही. कामाठीपुऱ्याजवळच्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे चार वाजता बुटांचा बाजार भरतो. भाच्याच्या हट्टाने मी एकदा तिथे गेले. रस्त्यावर चादरी, वर बॅटरीचा उजेड, ढीग लागलेले बूट: कुणाचे वापरलेले, कुणाचे 'मिळालेले', कुणाचे कारखान्यातले नापास, आणि उरलेले फर्स्ट कॉपी. भाचा बूट उलटा करून तळ बघतो, शिलाईचे टाके बोटाने चाचपतो, जिभेच्या आतलं लेबल वाचतो आणि शेवटी नाक आत घालून वास घेतो. डिंकासारखा उग्र वास आला की खाली ठेवतो. हे सगळं ठीक. पण 'डुप्लिकेट घाल' या सल्ल्याचा अर्थ काय झाला? श्रीमंत दिसायला तुझी हरकत नाही, फक्त खरं काही तुझ्याकडे असायला नको. तो मुलगा नक्कल घ्यायला तयार नव्हता. सात महिने थांबला. चारित्र्य, सचोटी वगैरे शब्द ज्यांच्या तोंडी सतत असतात, त्यांना त्यात काहीच दिसू नये?

राहिलं अमेरिकेचं खूळ. स्नीकरचं वेड अमेरिकेतलं आहे, यात वाद नाही. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ चा, नायकीचा पहिला एअर जॉर्डन १९८५ चा. पण नटव्या पायांची हौस अमेरिकेतून आली, असं म्हणायला कोल्हापुरी चप्पल कधी पायात घातलेलीच नसावी लागते. तिचे कान बघा, वेणी बघा, अंगठ्यावरचा गोंडा बघा. यातलं काय पाय झाकायला लागतं? आणि करकर वाजणारी चप्पल लोक मुद्दाम सांगून करून घेत. माणूस दिसायच्या आधी ऐकू यावा, यापेक्षा उघड मिरवणं दुसरं कुठलं? माझे आजोबा देवळात जाताना ती चप्पल काढायला नाखूश असत. आजी म्हणायची, देवाच्या दर्शनाला जाताय की चपलेचं दर्शन द्यायला?

त्याच चपलेचं पुढे काय झालं, तेही ताजं आहे. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा किती जणांनी दुकानात जाऊन भाव न करता जोड घेतला? २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच अंगठ्याच्या चपला नुसत्या 'चामडी सँडल' म्हणून दाखवल्या, किंमत लाखावर असल्याच्या बातम्या आल्या, आणि आमचा स्वाभिमान खडबडून जागा झाला. डिसेंबरात त्याच कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड, सुमारे आठशे युरोला एक. तेव्हा व्हॉट्सॲपवर 'आपली कोल्हापुरी जगात' म्हणून छाती फुगवणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही, की पायात घालायच्या वस्तूला आठशे युरो कशाला? मीही विचारलं नाही. आणि लिंकिंग रोडवर कोल्हापुरीच्या विक्रेत्याशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्यांत मीही होते.

गंमत पुढे आहे. बुटाचं वेड अमेरिकेचं आहेच, पण बुटावरचं हे प्रवचनही अमेरिकेचंच आहे. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली कृष्णवर्णीय पोरं आदिदासचे सुपरस्टार बूट बिनलेसचे घालून फिरायची. त्याच भागातले एक प्रतिष्ठित डॉक्टर, जेराल्ड डीझ, यांना ते खुपलं. त्यांनी 'फेलन स्नीकर्स' नावाचं गाणंच काढलं. गुन्हेगारांचे बूट, असा त्याचा रोख. डॉक्टर भले होते, हेतूही भला होता, आपल्या वक्त्यांसारखाच. त्याला उत्तर म्हणून रन-डीएमसी या त्याच भागातल्या तिघांच्या रॅप गटाने १९८६ साली 'माय आदिदास' केलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमात त्यांनी बूट वर करायला सांगितले आणि हजारो हात बूट घेऊन वर गेले. प्रेक्षकांत आदिदासचा माणूस होता. कंपनीने त्या तिघांशी दहा लाख डॉलरचा करार केला. म्हणजे आमच्या वाचनालयात जे ताजं समाजचिंतन म्हणून ऐकवलं गेलं, ते चाळीस वर्षांपूर्वी क्वीन्समध्ये होऊन, त्याला उत्तर मिळून, त्या उत्तराचाही धंदा होऊन गेला आहे.

धंद्याचं म्हणाल, तर तिथे मी कंपन्यांची वकिली करायला बसलेली नाही. भाचा मला सांगतो, "मावशी, बूट म्हणजे इन्व्हेस्टमेंट." २०२३ साली बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचा एक जोड बावीस लाख डॉलरला लिलावात गेला, हे त्याला पाठ आहे. मी म्हटलं, तो १९९८ च्या अंतिम मालिकेत जॉर्डनने घातलेला होता. तुझा तू घातलेला आहेस. बाजारात मोजकेच जोड सोडायचे, सोडत काढायची, रांगा लावायच्या, आणि मागणी तापली की तोच बूट ढिगाने आणायचा, हा खेळ आता जुना झाला. नायकीच्या काळ्या-पांढऱ्या 'पांडा' डंकचं तेच झालं. एके काळी लोक त्यासाठी दुप्पट पैसे मोजत, मग तो इतक्या पायांत दिसू लागला की भाच्याने आपला धाकट्या बहिणीला देऊन टाकला. २०२२ च्या ऑक्टोबरात आदिदासने 'यीझी' बुटांसाठी एका रॅपरशी केलेला करार मोडला, तेव्हा एक अब्जाहून अधिक युरोंचे बूट कंपनीच्याच अंगावर पडले. आणि डब्यात जपून ठेवणाऱ्यांना कुणी सांगत नाही, की पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेत आपोआप सडतो. मुंबईच्या चार-पाच पावसाळ्यांत न घातलेल्या बुटाचा तळ हातात भुगा होऊन येऊ शकतो. घातलेला बूट जास्त टिकतो. तेव्हा भाचेसाहेब, घाला.

बुटाचा आकार हीही एक अडचण. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मापं घेतली. आपले पाय युरोप-अमेरिकेच्या साच्यापेक्षा रुंद निघाले. लांबीला बरोबर बूट बोटांपाशी आवळतो, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो आणि टाच मागे सुटते. सहावीतल्या त्या मुलीसारखीच तडजोड, फक्त बोळे नसतात.

आणि हे बूट शिवतं कोण? नायकीचे निम्मे बूट व्हिएतनाममध्ये शिवले जातात. नव्वदच्या दशकात आशियातल्या कारखान्यांतल्या मजुरीवरून या कंपनीवर इतकी टीका झाली, की १९९८ साली कंपनीचा प्रमुख फिल नाइट याला स्वतः जाहीरपणे मान्य करावं लागलं, की आपल्या कंपनीचं नाव गुलामीच्या मजुरीशी जोडलं गेलं आहे. इकडे कुर्ला-चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत माळ्या-माळ्यांवर बसून हाताने बूट करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातचा जोड दुकानात वेगळ्याच नावाने आणि कितीतरी पट भावाने विकला जातो. वक्त्यांना बुटांवर बोलायचंच होतं, तर बोलायला एवढं होतं. सोल्युशनच्या वासात दिवस काढणाऱ्या त्या माणसाला जोडामागे किती सुटतात, हा प्रश्नच तासभर पुरला असता. पण त्यावर सभागृह हसलं नसतं. हसायला रात्रपाळी करून आलेला, सपाट पाऊल टाकत चालणारा मुलगाच लागतो.

या महिन्याच्या व्याख्यानाचा फलक वाचनालयाच्या दारावर लागला आहे. विषय, 'सोने: काल, आज आणि उद्या'. प्रायोजक स्टेशनजवळचे एक सराफ. अल्पोपाहाराची सोय आहे. श्रोत्यांनी चपला-बूट बाहेर काढून यावे, अशी खाली बारीक अक्षरांत सूचना आहे.